बेंचवरून उठणाऱ्यांकडे बघा: सॅन अँटोनियो स्पर्स पाहायला शिकताना

एनबीए ही अमेरिकेतली बास्केटबॉल लीग बघायला नुकतीच सुरुवात केलेली मंडळी विचारतात, "लक्ष कुणावर ठेवू?" टीम सॅन अँटोनियो स्पर्स असेल तर आज कुणीही सात फूट चार इंचांच्या विक्टर वेम्बान्यामाकडे बोट दाखवेल. तो काय, दिसेलच. माझं सांगणं असं की पहिला महिनाभर बेंच बघा. सुरुवातीच्या पाचांत ज्यांचं नाव पुकारलं जात नाही, जे जर्सीवर सरावाचा शर्ट चढवून खुर्चीत बसलेले असतात, ती माणसं बघा. ही टीम मला कळली ती त्यांच्यामुळे, आणि तिच्यावर जीव जडला तोही त्यांच्यामुळेच.

बेंच शिकायला स्पर्ससारखी दुसरी शाळा मला माहीत नाही. २०१३-१४च्या मोसमात तेव्हाचा प्रशिक्षक ग्रेग पॉपोविचच्या या टीमनं ८२पैकी ६२ सामने जिंकले, आणि त्यात एकाही खेळाडूची सरासरी सामन्यामागे ३० मिनिटांपर्यंत पोचली नाही. लीगच्या इतिहासात असं त्याआधी कधी झालं नव्हतं. त्याच वर्षी ते विजेते झाले. तेव्हा उदाहरणं मी मुख्यतः त्या काळातली देणार आहे. रीत मात्र आजच्या सामन्यालाही जशीच्या तशी लागू पडते.

आधी वेळ आणि वही

सॅन अँटोनियोत संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी साडेसहाला दिसतो. तिकडे मार्चमध्ये घड्याळं पुढे सरकली की तोच सामना पहाटे साडेपाचला येतो. ऑफिस-कॉलेज असलेल्यानं पूर्ण सामना रोज बघायचा अट्टहास करू नये. आठवड्यातून दोन पूर्ण बघा, बाकीच्यांचे चार भागांतले, म्हणजे क्वार्टरांतले, फक्त दुसरे आणि चौथे. ते का, हे पुढे येईलच.

एक साधी वही घ्या. मोबाइलमध्येही चालेल, पण वहीत नजर कमी भरकटते.

पहिली पायरी: मिनिटांचा हिशेब

क्रिकेटच्या सवयीमुळे आपल्याला राखीव म्हटलं की पाण्याच्या बाटल्या नेणारा बारावा खेळाडू आठवतो. इथे तसं नाही. कबड्डीतल्या पाच राखीवांशी थोडं साम्य आहे, पण बास्केटबॉलमध्ये एकदा बसलेला खेळाडू पुन्हा कितीही वेळा आत येऊ शकतो. सहा फाउल झाले की मात्र त्याचा खेळ संपतो. त्यामुळे अदलाबदल सतत चालू असते.

सामना ४८ मिनिटांचा, मैदानात एका वेळी पाच जण. म्हणजे वाटायला २४० मिनिटं. सुरुवातीचे पाचही जण प्रत्येकी ३४ मिनिटं खेळले तरी १७० होतात. उरलेली ७० मिनिटं कुणीतरी खेळावीच लागतात. सामन्याचा जवळपास तीस टक्के भाग हा असा बेंचचा असतो, आणि नवे प्रेक्षक नेमके तेव्हाच चहा टाकायला उठतात.

टीममध्ये १५ जणांचे पूर्ण करार असतात, शिवाय तिघांचे दुहेरी करार. ते तिघं मुख्य टीम आणि तिची धाकटी टीम यांच्यात ये-जा करतात. पण रोज खेळतात ते नऊ-दहा जणच. म्हणून बेंचचे मनात तीन भाग करा: सहावा माणूस, त्याच्यानंतरचे तीन-चार जण, ज्यांना रोजची ठरलेली मिनिटं मिळतात, आणि शेवटच्या खुर्च्यांवरचे, ज्यांना आज मिळतील की नाही हे त्यांनाही ठाऊक नसतं. वहीच्या पहिल्या पानावर नावांच्या या तीन रांगा लिहून काढा. महिन्याभरात त्या बदलतील, आणि कशा बदलल्या ते बघण्यातच अर्धी मजा आहे.

दुसरी पायरी: सहावा माणूस ओळखा

बेंचवरून सगळ्यात आधी उठतो तो सहावा माणूस. बऱ्याचदा तो सुरुवातीच्या पाचांतल्या दोघा-तिघांपेक्षा चांगला खेळाडू असतो. ही कल्पना १९५०च्या दशकात बोस्टन सेल्टिक्सच्या रेड आउरबाखनं फ्रँक रॅमसीला मुद्दाम मागे ठेवून रुजवली, पुढे जॉन हॅवलिचेकनं ती मोठी केली. १९८२-८३पासून सर्वोत्तम सहाव्या माणसाला पुरस्कार मिळतो. पहिला मानकरी फिलाडेल्फियाचा बॉबी जोन्स. आज त्या करंडकाला हॅवलिचेकचंच नाव आहे.

आमच्याकडे मात्र सहावा माणूस म्हटलं की एकच नाव ओठावर येतं: मानू जिनोबिली. १९९९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ५७वा, म्हणजे अगदी शेवटाला उचललेला, अर्जेंटिनाचा डावखुरा. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्याच्या अर्जेंटिनानं उपांत्य फेरीत अमेरिकेला ८९-८१ असं हरवलं, त्यात २९ गुण त्याचे एकट्याचे, आणि पुढे सुवर्णपदक. असा माणूस सॅन अँटोनियोत वर्षानुवर्षं बेंचवर बसला. २००८मध्ये त्याला सहाव्या माणसाचा पुरस्कार मिळाला, चार विजेतेपदं मिळाली, २०१९च्या मार्चमध्ये त्याची २० नंबरची जर्सी सन्मानानं निवृत्त होऊन छताला चढली, २०२२मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्यानं हट्ट धरला असता तर सुरुवातीच्या पाचांतली जागा त्याला कुणी नाकारली असती, असं मला वाटत नाही. त्यानं तो धरला नाही, आणि मग त्याच्या खालच्या कुणालाही बेंचवर बसण्याची तक्रार करायला तोंड उरलं नाही.

हीच गोष्ट अलीकडे केल्डन जॉन्सनच्या बाबतीत घडली. २०२२-२३मध्ये सामन्यामागे २२ गुणांची सरासरी असलेला हा खेळाडू २०२३च्या डिसेंबरात बेंचवर गेला. तो आत येतो तेव्हा त्याचे खांदे बघा. चेंडू हातात आला की सरळ रिंगकडे धडक. समोरचे थकलेले असतात, हा ताजा असतो, आणि ते त्याला पक्कं माहीत असतं.

सहाव्या माणसाला पारखायची माझी खूण साधी आहे: आत आल्यावर पहिल्या दोन मिनिटांत खेळाचा वेग बदलला का? गुण नंतर मोजा.

तिसरी पायरी: घड्याळ बघा

पहिल्या क्वार्टरमध्ये साधारण सहा मिनिटं उरली की पहिली अदलाबदल होते. दुसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला बहुतेक टीमचे मुख्य खेळाडू एकदम किंवा एकाआड एक बसतात. तीच बेंचची खरी परीक्षा, म्हणून मी त्या दोन क्वार्टरांवर भर दिला.

वहीत दोनच आकडे टिपा: मुख्य खेळाडू बसले तेव्हाचा स्कोअर आणि ते परत आले तेव्हाचा. समजा २८-२४ असताना बसले आणि ३९-३७ असताना आले. आघाडी चाराची होती, दोनाची झाली, वरवर बेंच कमी पडला. पण त्या पाच-सहा मिनिटांत टीमच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूला श्वास घ्यायला मिळाला आणि आघाडीही हातची गेली नाही, तर ते काम चोख झालं. बेंचनं सामना जिंकून द्यावा अशी रोज अपेक्षा नसते. हातचा जाऊ देऊ नये एवढीच असते. नवा चाहता इथेच रागावतो. महिनाभर आकडे टिपले की राग आपोआप कमी होतो.

चौथी पायरी: बॉक्स स्कोअर वाचा, पण जपून

सामन्यानंतरच्या तक्त्यात, म्हणजे बॉक्स स्कोअरमध्ये, मिनिटं, गुण, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा पकडलेला चेंडू), असिस्ट (बास्केटला कारण ठरलेला पास) आणि शेवटी प्लस-मायनस असतं. खेळाडू मैदानात असताना टीमनं समोरच्यापेक्षा किती गुण जास्त किंवा कमी केले, तो हा आकडा. एका सामन्याच्या प्लस-मायनसवरून कुणाला डोक्यावर घेऊ नका, कुणाला शिव्याही घालू नका. तो चार चांगल्या सोबत्यांमुळे फुगतो आणि एका वाईट रात्रीत बुडतो. दहा-पंधरा सामन्यांचा मिळून बघा.

काही नावांपुढे आकड्यांऐवजी 'डीएनपी' दिसेल. म्हणजे खेळला नाही, आणि पुढे कारण. २०१२च्या मार्चमध्ये पॉपोविचनं टिम डंकनला विश्रांती दिली, तेव्हा अधिकृत तक्त्यात कारणाच्या जागी चक्क 'ओल्ड' छापून आलं होतं. या टीममध्ये पहिल्या नंबरचा माणूसही कधी ना कधी बेंचवर बसतो, आणि त्याचं कुणाला वावगं वाटत नाही.

पाचवी पायरी: चेंडू सोडून एकाच माणसाकडे बघा

सगळ्यात अवघड पायरी हीच. डोळा चेंडूच्या मागे धावतो. एक खेळाडू निवडा आणि तो मैदानात असेपर्यंत चेंडू कुठेही जाऊ दे, नजर हलवू नका.

मी हे बोरिस दिऑवर शिकलो. फ्रान्सचा, अंगानं भरलेला, पळताना कधी घाईत दिसला नाही. २०१२च्या मार्चमध्ये शार्लटनं त्याला मोकळं केलं. शार्लटची टीम त्या वर्षी ६६पैकी सात सामने जिंकली होती, आणि त्या टीमलाही तो नको होता. स्पर्सनं त्याला घेतलं. त्याच्यावर नजर लावली तेव्हा कळलं की तो चेंडू येण्याआधीच वळलेला असतो. पास हातात येतो न येतो तोच पुढे गेलेला. समोरचा अर्धं पाऊल चुकतो, तिसरा माणूस मोकळा सुटतो, टाळ्या त्या तिसऱ्याला मिळतात.

२०१४च्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत ओक्लाहोमा सिटीतला सहावा सामना मिळाला तर शोधून बघा. सुरुवातीच्या पाचांतला टोनी पार्कर घोट्याच्या दुखापतीमुळे मध्यंतरानंतर आलाच नाही. बेंचवरच्या दिऑनं २६ गुण केले, सामना ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळात, ११२-१०७ असा खिशात घातला. गुणांपेक्षा त्याच्या पाठीचा वापर बघा: लहान चणीचा खेळाडू समोर आला की तो पाठ लावून एकेक पाऊल रिंगकडे सरकतो आणि मदतीला कोण येतंय याची वाट बघतो.

सहावी पायरी: खुर्च्यांकडे बघा

कॅमेरा बेंचवर गेला की आवाज कमी करा आणि चेहरे वाचा. कोण उभं राहतंय, टाइमआउटमध्ये कोण प्रशिक्षकाच्या पाटीकडे बघतंय, कोण कुठेतरी दूर.

२०१३च्या मायामीविरुद्धच्या फायनलच्या वेळी आमच्या घरी सकाळी साडेसहाला सामना लागायचा आणि आई डबा करता करता डोकवायची. तिला एकही नाव ठाऊक नव्हतं. ती विचारायची, "तो टॉवेलवाला कोण रे? सारखा उड्या मारतो, पण खेळताना दिसत नाही." तो पॅटी मिल्स. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी समाजातला, सहा फुटांचा, बेंचवर पांढरा टॉवेल गरगरा फिरवणारा. त्या मालिकेत तो मैदानात फारसा उतरलाच नाही.

त्या मालिकेचा सहावा सामना अजून सलतो. विजेतेपद काही सेकंदांवर होतं. कोपऱ्यातून ५.२ सेकंद उरले असताना तीन गुणांची बास्केट करून सामना ओव्हरटाइमला नेणारा रे ॲलन हा मायामीच्या बेंचवरून आलेला खेळाडू, आणि त्या क्षणी रिबाउंड घ्यायला जो हवा होता तो आमचा डंकन बेंचवर. कुणाला कधी बसवायचं याची किंमत किती असते, ते मला त्या सकाळी कळलं. आईनं काही न बोलता चहाचा कप समोर ठेवला.

मिल्सनं त्या उन्हाळ्यात वजन उतरवलं, दमसास वाढवला. बरोबर वर्षानं पुन्हा मायामी, पाचवा सामना, १५ जून २०१४. आपल्याकडे सोमवारची पहाट. सुरुवातीलाच ६-२२ अशी पिछाडी. आई उठली नव्हती, मी तिला उठवलंही नाही. मग जिनोबिली आला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ३६ वर्षांचा हा माणूस ख्रिस बॉशच्या डोक्यावरून चेंडू रिंगमध्ये कोंबून आला आणि बेंच अख्खा उभा राहिला. मध्यंतराला ४७-४० अशी आघाडी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मिल्सनं एकामागून एक तीन गुणांच्या बास्केट लावल्या, त्या एका क्वार्टरमध्ये १४ गुण. शेवट १०४-८७. जिनोबिली १९, मिल्स १७. बेंचवरच्या दोघांचे मिळून ३६. आई उठून आली तेव्हा टॉवेल दुसऱ्याच्या हातात होता आणि टॉवेलवाला मैदानात. तिनं ओळखला त्याला.

सातवी पायरी: मुख्य खेळाडू नसलेली रात्र चुकवू नका

दुखापत किंवा विश्रांतीमुळे मोठी नावं गायब असली की नवे चाहते टीव्ही बंद करतात. तसं करू नका. २९ नोव्हेंबर २०१२ला पॉपोविचनं डंकन, पार्कर, जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या चौघांना मायामीतल्या सामन्याआधीच घरी पाठवलं. लीगनं स्पर्सला अडीच लाख डॉलरचा दंड केला. तिकीट काढून आलेल्यांची निराशा मी समजू शकतो. त्यांची बाजू खोटी नव्हती. पण सामना बघितलात तर दिसेल की उरलेल्यांनी गतविजेत्यांना शेवटच्या मिनिटापर्यंत घाम फोडला. १०५-१०० असे हरले, फक्त पाच गुणांनी. अशा रात्री कळतं की कोण ठरलेल्या चाली पाठ करून आलाय आणि कोण फक्त मोठ्यांच्या सावलीत बरा दिसतो.

ज्यांचं नाव वहीत तिसऱ्या रांगेत आहे त्यांच्यासाठी हीच संधी. सामना एकतर्फी झाल्यावरची शेवटची चार मिनिटंही त्यांचीच. धाकट्या लीगमधली ऑस्टिन स्पर्स ही टीम जमेल तेव्हा बघा. मुख्य टीमच्याच चाली तिथे कच्च्या स्वरूपात दिसतात. डॅनी ग्रीन याच वाटेनं वर आला: क्लीव्हलंडनं सोडलेला, खुद्द स्पर्सनंही घेऊन सोडलेला, आणि पुढे २०१३च्या फायनलमध्ये तीन गुणांच्या २७ बास्केट.

शेवटच्या खुर्चीशी आपलंही थोडं नातं आहे. एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू सिम भुल्लर, कॅनडाचा. २०१५च्या एप्रिलमध्ये सॅक्रॅमेंटो किंग्जकडून तीन सामन्यांत जेमतेम काही मिनिटं त्याला मिळाली. तेच किंग्ज ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ला वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी मोसमपूर्व सामने खेळले. पहिला ओव्हरटाइममध्ये पेसर्सनं १३२-१३१ असा घेतला. मोसमपूर्व सामन्यात मुख्य खेळाडू लवकर बसवतात, आणि मग जागा मिळवायला आलेली पोरं जिवाच्या आकांतानं खेळतात. दुसऱ्या दिवशी मी वरच्या रांगेत होतो. माझ्या पुढे नागपाड्याच्या बास्केटबॉल मैदानावर घडलेली चार मुलं बसली होती. मोठी नावं बसल्यावर आजूबाजूचे लोक मोबाइल काढू लागले आणि ही चौघं पुढे सरकून बसली. "आता बघ," त्यांतला एक म्हणाला, "आता पोटासाठी खेळणारे येतील."

आठवी पायरी: तीन जुने सामने

सराव म्हणून तीन सामने सुचवतो. त्यातला २०१४चा पाचवा वर आलाच. दुसरा क्वार्टर दोनदा बघा.

दुसरा, २९ मे २००३, डॅलसविरुद्ध पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीचा सहावा. पार्करची तब्येत बिघडलेली. ३७ वर्षांचा स्टीव्ह कर त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, जवळजवळ विसरला गेलेला. तो आत आला आणि तीन गुणांचे चार प्रयत्न, चारही आत. स्पर्स ९०-७८. तो शूट करण्याआधी पाय कसे लावतो ते बघा. इतके दिवस बसलेल्या माणसाचे पाय वाटत नाहीत ते. त्याच्यासारखे लोक सामना नसेल त्या दिवशीही सरावात तेवढेच शॉट मारतात, म्हणूनच हाक आल्यावर हात कापत नाही.

तिसरा, १९ जून २००५, डेट्रॉइट, फायनलचा पाचवा, मालिका २-२. बेंचवरून आलेला रॉबर्ट होरी. ओव्हरटाइममध्ये स्पर्स दोन गुणांनी मागे, घड्याळात नऊएक सेकंद. चेंडू आत टाकतोय स्वतः होरी. तो जिनोबिलीकडे देतो, जिनोबिली कोपऱ्यात घुसतो, रशीद वॉलेस होरीला सोडून त्याच्याकडे धावतो, चेंडू परत होरीकडे. ५.८ सेकंद उरले असताना तीन गुण, ९६-९५.

हा सामना शेवटापासून बघू नका. पहिल्या हाफमध्ये होरीच्या नावापुढे शून्य आहे आणि तिसरा क्वार्टर संपत येईपर्यंत ते शून्यच राहतं. त्याचे २१च्या २१ गुण शेवटच्या सतरा मिनिटांतले. वही उघडा, त्याच्या नावाखाली रेघ मारा, आणि शून्य असताना तो मैदानात काय काय करतोय ते लिहायला लागा.